हलका हात

सोनोग्राफी सेंटरमध्ये ताईच्या हाताला मागणी होती. फोनवर वेळ ठरवताना बायका आधी विचारायच्या, त्या हलक्या हाताच्या बाई आहेत ना? आणि ताई रजेवर असेल तर आपलं पोटदुखणं तिच्या रजेच्या सोयीने पुढे ढकलायच्या. सेंटर मोठ्या डॉक्टरांचं होतं. दारावर नाव आणि फोटो त्यांचा, भिंतीवर पदव्या त्यांच्या, पण माणसं यायची ती ताईसाठी. मोठ्या डॉक्टरांनी ही गोष्ट मोठ्या मनाने सोसली होती. ते ताईचं कौतुक करायचे, फक्त कुणाच्या देखत नाही.

हात हलका म्हणजे खरोखरच हलका. जेलची बाटली ती आधी कोमट पाण्यात ठेवायची. पोटावर मशीनला जोडलेला, हातात धरायचा प्रोब फिरवताना तिचा एक डोळा पडद्यावर आणि दुसरा बाईच्या कपाळावर असायचा. कपाळाला आठी पडली रे पडली की हात वर. मग जरा बाजूने, जरा तिरका, दुखणारी जागा टाळून ती हवा तो फोटो मिळवायचीच. उठताना बाई म्हणायची, अगंबाई, झालंसुद्धा?

यात दया होती तशी कारागिरीही होती. दुखलं की माणूस आक्रसतो, आक्रसला की चित्र पुसट येतं, आणि पुसट चित्र मोठे डॉक्टर परत पाठवायचे. सेंटरची पद्धतच तशी होती. ताईने ठरलेल्या जागांचे फोटो पडद्यावर गोठवायचे, शेजारच्या खोलीत पाठवायचे आणि मोठ्या डॉक्टरांनी चहा पिता पिता ते बघून रिपोर्टच्या दोन ओळी ताईला लिहायला सांगायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी गर्भाशयं अगणित पाहिली होती, बायका क्वचितच. ताईचा फोटो मात्र कधी परत आला नाही. तिला त्याचा अभिमान होता आणि तो तिने बाहेर कुणाला कळू दिला नव्हता. घरच्यांची गोष्ट वेगळी. घरच्यांना तो रोज जेवणाबरोबर मिळायचा.

आणि घरच्यांत तिची धाकटी बहीण होती, जिचं पोट दुखायचं.

धाकटी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. शिकणारा माणूस समोरच्या भिंतीकडे बघून डोळे मिटायला लागला की तो दाबायचा. या कामात धाकटीचा असा लौकिक की शिकणारे तिला ब्रेकबाई म्हणायचे. तिने घाबरट नवरे शिकवले, त्यांच्या अजिबात न घाबरणाऱ्या बायका शिकवल्या, आणि एक न्यायाधीश शिकवले, जे डावीकडे वळायचं की उजवीकडे याचा निकाल चौक ओलांडल्यावर द्यायचे. तिचा आवाज कधी चढला नाही. गाडी नाल्याच्या काठावर असली तरी ती शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायची.

पण पाळी जवळ आली की ओटीपोटात कुणीतरी ओला कपडा पिळावा तसं व्हायचं. बसलं की आतून खेचायचं. शौचाला गेलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आधी हे पाळीपुरतं होतं, मग पाळीला कंटाळून ते इतर दिवसांतही पसरलं. शहरातला प्रत्येक गतिरोधक तिला पाठ झाला होता. ती शिकणाऱ्यांना लांबच्या रस्त्याने न्यायची आणि सांगायची, इकडे वळणं छान आहेत. नवऱ्याशी जवळीकही तिने अशीच लांबच्या रस्त्याला लावली होती. नवरा भला माणूस. तो गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचा आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा.

फारच झालं की ती ताईकडे यायची. सेंटरमधली गर्दी ओसरली की ताई तिला टेबलावर घ्यायची आणि पोटावरून प्रोब फिरवायची. आतून तपासायचा एक लांबट, बारीक प्रोब असतो. तो योनीमार्गातून घालावा लागतो. तो सख्ख्या बहिणीला कसा लावायचा, म्हणून ताईने विषय काढला नाही, आणि सख्ख्या बहिणीकडून कसा लावून घ्यायचा, म्हणून धाकटीनेही काढला नाही. चित्र स्वच्छ यायचं. मोठे डॉक्टर ओळखीखातर लगेच बघायचे. रिपोर्ट नॉर्मल.

आईचा देवावरचा विश्वास अधूनमधून डळमळायचा, मशीनवरचा कधीच नाही, आणि इथे तर मशीन चालवणारी पोटची पोर. धाकटी कळवळली की आई ताईला फोन लावून खात्री करून घ्यायची आणि फोन ठेवून धाकटीला कळवायची की ताई म्हणते, सगळं नॉर्मल आहे. दिवसभर गाडीत बसतेस, दुसरं काय होणार, हे आईचं निदान. सगळ्याच बायकांचं दुखतं, हा तिचा उपचार. दोन्ही ती फुकट करायची आणि न विचारता.

मध्यंतरी एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुचवलं होतं की भूल देऊन, बेंबीपाशी छेद घेऊन, दुर्बिणीने आत बघू. धाकटी विचार करून सांगते म्हणाली आणि पुन्हा त्या जिन्याची पायरी चढली नाही. ताईने समजूत करून घेतली की ही घाबरट आहे. नाल्याच्या काठावर आवाज न चढणाऱ्या बाईबद्दल असा समज करून घ्यायला थोरली बहीणच असावं लागतं.

एका सकाळी ब्रेकबाईचा ब्रेक उशिरा लागला.

स्टिअरिंगवर बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. रोपवाटिकेपाशी वळताना त्यांनी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं. धाकटीने पाय पुढे केला, त्याच क्षणी ओटीपोटातून अशी कळ गेली की पाय हवेतच राहिला. गाडी कुंड्यांच्या दोन रांगा ओलांडून तिसरीत थांबली. कुणाला लागलं नाही. निवृत्त बाईंना तर आपण गाडी छान थांबवली असंच वाटलं आणि त्या घरी जाऊन तसं सांगून मोकळ्या झाल्या. पण कुंड्यांच्या पलीकडे, पाण्याच्या नळीशी खेळत, माळ्याची मुलगी बसली होती. धाकटीला त्यानंतर ती मुलगीच दिसत राहिली.

स्कूलचे मालक वाईट नव्हते. ते म्हणाले, मॅडम, आजार असेल तर डॉक्टरांकडून लिहून आणा, मी सांभाळून घेईन. आजारच नसेल, तर मग तुमच्या भरवशावर लोकांना गाडीत कसं बसवू? यात रागावण्यासारखं काही नव्हतं, हेच धाकटीला जास्त लागलं. ती तिथून सरळ सेंटरवर आली. ताई मशीन पुसत होती.

“लिहून दे,” धाकटी म्हणाली.

“काय लिहून देऊ?”

“काहीही. एखादा बऱ्या नावाचा आजार.”

ताईने तिला खुर्चीत बसवलं, सगळं विचारून घेतलं, मालकांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि मग समजुतीच्या सुरात म्हणाली की अगं, पण खोटं कसं लिहायचं?

“म्हणजे मी खोटं बोलते.”

“असं कुठं म्हटलं मी?”

“तू नाही म्हणत गं. तू नुसतं नॉर्मल लिहितेस.”

ताईच्या हातातलं फडकं थांबलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने विचारलं, मग त्या दुर्बिणीवाल्या डॉक्टरांकडे का गेली नाहीस? धाकटीने पडद्याकडे पाहिलं. पडदा बंद होता.

“पोट उघडूनही काही सापडलं नाही तर?” ती म्हणाली. “आत्तापर्यंत निदान माझी मला तरी खात्री होती. परवा त्या कुंड्यांत तीही गेली. मला वाटलं, आई म्हणते तसंच असेल. मीच लाडावलेय.”

त्या सेंटरमध्ये नुकत्याच एक डॉक्टरीणबाई येऊ लागल्या होत्या. एंडोमेट्रिऑसिस नावाचा आजार पोट न उघडता, सोनोग्राफीतून कसा शोधायचा, याचं त्या खास शिक्षण घेऊन आल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांना त्या आवडत नव्हत्या, कारण त्या एका बाईला इतका वेळ लावायच्या की बाहेर बसलेल्या लोकांना चहा विचारावा लागायचा. शिवाय त्या गोठवलेले फोटो बघून मत द्यायला तयार नसत. फोटोत कुणीही बरं दिसतं, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि हे मोठ्या डॉक्टरांना स्वतःच्या दारावरच्या फोटोला उद्देशून वाटलं होतं. ताईचंही त्यांच्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. त्यांच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज यायचा. ताईच्या खोलीतून कधी आला नव्हता.

तरी ताई त्यांच्याकडे गेली. खालच्या मानेने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला बोलावून घेतलं आणि सोनोग्राफीकडे वळायच्या आधी नुसत्या विचारतच राहिल्या. कुठे दुखतं, केव्हा, बसल्यावर की उठल्यावर, शौचाच्या वेळी, नवऱ्याजवळ. आईला दुखायचं का? धाकटी म्हणाली, आईला दुखायचं, पण तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही, असं ती सगळ्यांना सांगते. डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी ते लक्षात ठेवल्याचं दिसलं. मग त्यांनी समजावलं की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर काहींच्या पोटात बाहेरच, भलत्या जागी वाढतं. ते दर महिन्याला सुजतं, आणि त्यामुळे आतले अवयव हळूहळू एकमेकांना चिकटतात. तुमच्या बोलण्यावरून मला दाट संशय आहे, त्या म्हणाल्या, आता बघू.

“ताई, तुम्ही नेहमी कसं करता ते आधी दाखवा.”

ताईला बरं वाटलं. तिने जेल लावलं, कोमट, आणि नेहमीच्या सफाईने प्रोब फिरवला. गर्भाशय आलं, फोटो. उजवा बीजकोश, फोटो. डावीकडे वळताना धाकटीच्या भुवया जवळ आल्या, आणि ताई जरा बाजूने, जरा तिरकी होऊन पुढे गेली. फोटो. स्वच्छ.

“तुम्ही हात उचललात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तिला दुखलं.”

“हो. म्हणजे तिथेच थांबायचं होतं.”

त्यांचा सूर दोष देण्याचा नव्हता. दोष असता तर ताईला उत्तर देता आलं असतं. त्या सांगत होत्या की या आजारात नेमकं कुठे दुखतं हेच अर्धं चित्र असतं, आणि उरलेलं अर्धं हालचालीत असतं. गर्भाशय हलक्या दाबाने ढकलून बघायचं, की मागचं आतडं त्याच्यावरून सरकतंय का अडकतंय. गोठवलेल्या फोटोत सरकणं दिसत नाही. ताई प्रोब हातात धरून ऐकत होती. तिचे एवढे सगळे फोटो, आरशासारखे, सगळे नेमके न दुखणाऱ्या जागांचे होते.

आतली तपासणी डॉक्टरीणबाईंनी स्वतः केली. धाकटीला त्यांनी आधी सांगितलं, थांबा म्हणालात की मी थांबेन, आणि दुखेल तिथे “इथे” म्हणा, सोसू नका. ताई हवं तर बाहेर थांबतील, असंही म्हणाल्या. धाकटी म्हणाली, राहू दे तिला, बघू दे.

काही वेळ पडद्यावर सगळं राखाडी राखाडी शांत होतं. मग डाव्या बाजूला, मागे, डॉक्टरीणबाईंचा हात पोचला आणि धाकटीचं कपाळ एकदम आवळलं.

“इथे,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई थांबल्या आणि अगदी हळू, त्याच जागी, दाब दिला. धाकटीच्या तोंडून आवाज निघाला. पुढचं ताईने ठरवून केलं नाही. तिने डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं.

डॉक्टरीणबाईंनी प्रोब होता तिथेच स्थिर धरला.

“सोड त्यांना, ताई,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, नाल्याच्या काठावर असायचा तोच होता. “मी थांबा म्हटलं का?”

ताईने हात काढला. कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून तिने तो दुसऱ्या हातात धरून ठेवला, आणि मग ती पडद्याकडे बघू लागली, कारण धाकटीकडे बघवत नव्हतं. तिथे तिला ते दिसलं. गर्भाशय ढकललं की मागचं आतडं त्याच्यावरून सरकायला हवं होतं. ते सरकत नव्हतं. गर्भाशयाबरोबर तेही येत होतं, आणि त्या दोघांना बिलगून डावा बीजकोशही, एकाच पांघरुणात गुरफटून झोपलेल्या भावंडांसारखं, एकाने कूस बदलली की तिघं हलत होती. आतड्याच्या भिंतीत एक काळपट, जाडसर डाग होता. तो इतका वेळ तिथेच होता. ताईच्या प्रोबपासून हातभर अंतरावर म्हणावं तर तसंही नाही, जरासा दाब, एवढंच अंतर.

डॉक्टरीणबाईंनी पडदा धाकटीकडे वळवला आणि बोटाने दाखवलं. धाकटीने मान उचलून पाहिलं.

“पुन्हा हलवून दाखवता?” तिने विचारलं. दुखणार होतं, तरी विचारलं. त्यांनी पुन्हा दाखवलं. ती बघत राहिली, आणि तिच्या कानाच्या पाळीवरून पाणी उशीवर गेलं. रडण्याचा आवाज नव्हता.

धाकटी उठून बसल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. नाव द्यायला पोट उघडायची गरज नाही, नाव आजच मिळालं. गोळ्या लगेच सुरू करायच्या. एमआरआय काढायचा, म्हणजे कुठे किती पसरलंय याचा नकाशा हाती येईल, आणि पुढे ऑपरेशन करावंच लागलं तर चाचपडत शिरावं लागणार नाही. बरं होईल का, याचं उत्तर त्यांनी गोड केलं नाही. आटोक्यात येईल, म्हणाल्या, वेळ लागेल, आधीच बराच गेलाय.

“आणि एक लक्षात ठेवा. आज काही दिसलं नसतं, तरी मी तुम्हाला नॉर्मल म्हटलं नसतं. बारीक ठिपके यात दिसतच नाहीत. चित्र स्वच्छ आहे म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.”

हे त्या धाकटीशी बोलत होत्या. ऐकलं ताईने.

बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघी बाकावर बसल्या, म्हणजे ताई बसली, धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली.

“पहिल्यापासून उचलत होतीस?”

“हो.”

“मला वाटायचं, तिथे काही नसतं म्हणून पुढे जातेस.”

ताई म्हणाली की मला तुला दुखवायचं नव्हतं. हे तिला स्वतःलाच केविलवाणं वाटलं.

“मला तसंही दुखतच होतं, ताई,” धाकटी म्हणाली. “नवीन तू काय दुखवणार होतीस?”

समोरच्या खुर्चीवरची एक अनोळखी बाई ताईकडे बघून हसली आणि आनंदाने म्हणाली, बरं झालं बाई, आज तुम्ही आहात, मला दुसऱ्या कुणाकडे जायची भीतीच वाटते. ताईने मान हलवली. त्या बाईच्या कपाळाकडे बघायचं तिला धाडस झालं नाही. मग ताईच्या मनात इतर बायकांची कपाळं येऊ लागली, आठी पडलेली, हात उचलल्यावर सैल झालेली, आभार मानून घरी गेलेली. ती सगळी नॉर्मल होती. तिनेच तसे फोटो काढले होते. तिने उठून डॉक्टरीणबाईंना विचारलं की त्या सगळ्या बायकांना परत बोलावता येईल का. त्या म्हणाल्या, येईल, पण मोठ्या डॉक्टरांशी मला आणि तुम्हाला दोघींना बोलावं लागेल. ताई म्हणाली, बोलते. मोठे डॉक्टर आतल्या खोलीत चहा पीत होते.

ती आधी धाकटीबरोबर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. धाकटीने नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. मालकांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र वाचलं, एंडोमेट्रिऑसिस हा शब्द दोनदा वाचायचा प्रयत्न केला, आणि मग माणूस व्यवहारी असल्यामुळे नको तोच प्रश्न विचारला. मॅडम, पण तुमच्या या बहिणीच्याच सेंटरचा आधीचा रिपोर्ट नॉर्मल होता, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?

खोलीत गतिरोधकाचं चित्र असलेल्या तक्त्याखाली दोन शिकणारे बसले होते. त्यांनी माना वर केल्या.

“तो चुकला होता,” ताई म्हणाली. “मी चुकले होते.”

“मग हा दुसरा चुकला नाही कशावरून?”

ताईपाशी उत्तर होतं, बीजकोश, आतडं, सरकणं, पण ते सगळं या दोन शिकणाऱ्यांपुढे बहिणीचं पोट उघडून ठेवल्यासारखं झालं असतं. बोलली धाकटीच.

“मालक, मला दुखतं. पत्र नसतं तरी दुखतं. गोळ्या लागू पडेपर्यंत मी गाडीत बसणार नाही, ते तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगते. तोवर वर्ग मला द्या. उभं राहून शिकवीन.”

मालकांनी पत्राची घडी केली. पत्रापेक्षा त्यांना हे पटलेलं दिसलं. वर्ग घ्यायला तसंही कुणी तयार नव्हतं, तेव्हा त्यांचं मन मोठं व्हायला वेळ लागला नाही. म्हणाले, आजपासूनच घ्या, हे दोघे कधीचे ताटकळलेत.

धाकटीने तक्त्यापाशी जाऊन खडू उचलला. ताई दारात उभी होती. आपण जावं की थांबावं हे तिला कळत नव्हतं. कुणीतरी माफ केलं म्हणावं, नाहीतर निदान ओरडावं, अशी वाट बघत ती थोडा वेळ घुटमळली. धाकटी दारापर्यंत आली, पण बोलली ती अगदी कामाचं.

“पुढची तपासणी त्यांच्याकडेच. तू आत यायचं नाहीस. बाहेर बस.”

ताईने मान हलवली.

“आणि आईला तूच सांग. मी सांगितलं, तर ती फोन ठेवून तुलाच विचारणार.”

ती आत वळली. चढ, उतार, वळण, थांबा, असं तिने त्या दोघांना सुरुवातीपासून सांगायला घेतलं, एक हात कंबरेमागे दाबून. ताई रस्त्यावर आली. तिने फोन काढला, आईचा नंबर लावला, आणि आई “बोल गं” म्हणाल्यावर म्हणाली, “आई, मी नॉर्मल म्हणत होते ना, ते चुकलं होतं.”